समन्स तीनदा परत आले; आता जाहिरात देऊन एकतर्फी निकाल घ्यावा का?

आपण मांडलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरात आपल्या आईंच्या नावे घर आहे. वडिलांच्या पश्चात आई वरच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि आपण नोकरीमुळे पुण्यात असता. तळमजल्यावरच्या भाडेकरूने चौदा महिन्यांचे भाडे थकवले, म्हणून नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. परंतु समन्स तीन वेळा परत आले. पहिल्या अहवालात ‘घराला कुलूप’, दुसऱ्यात ‘बाहेरगावी गेला आहे’ आणि तिसऱ्यात ‘पत्नीने सही करण्यास नकार दिला’ असे शेरे आहेत, आणि भाडेकरूची स्कूटर मात्र रोज रात्री अंगणात उभी असलेली आईंना दिसते. आपण विचारता, की शेजाऱ्यांना साक्षीला ठेवून आम्हीच कागद दारावर चिकटवले आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का, की वृत्तपत्रात जाहिरात देऊन एकतर्फी निकाल घेऊन मोकळे व्हावे?

आपली अडचण मला पूर्ण समजते, पण प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने विचारायला हवा, असे मला वाटते. समन्स ‘मिळाले’ असे कागदावर लवकरात लवकर कसे दाखवता येईल, हा खरा प्रश्न नाही. भाडेकरू उद्या न्यायालयात येऊन ‘मला काही कळलेच नाही’ म्हणाला, तरी टिकेल असा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) कसा मिळवायचा, हा खरा प्रश्न आहे. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी सव्वीस वर्षे घरमालक आणि भाडेकरू अशा दोन्ही बाजूंनी कामे चालवली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे, की आणखी दोन महिने खर्च करून समन्स रीतसर बजावून घ्यावे आणि जाहिरातीचा मार्ग अगदी शेवटी, दुसरा इलाजच उरला नाही तर धरावा.

आपण बराच काळ महाराष्ट्रात राहिला आहात, म्हणून शब्दांविषयी एक सूचना करतो. आमच्याकडे न्यायालयाचे कामकाज हिंदीत चालते. महाराष्ट्रात ज्याला बजावणी म्हणतात तिला येथे ‘तामील’, दारावर प्रत लावण्याला ‘चस्पा’, समन्सच्या शुल्काला ‘तलवाना’ आणि समन्स न बजावता परत आले तर ‘अदम तामील’ असे लिहितात. ऑर्डरशीटची, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, नक्कल मागवाल तेव्हा हेच शब्द दिसतील आणि कोणत्या तारखेपुढे कोणता शब्द आहे यावर बरेच काही ठरते. मी आपला वादपत्र किंवा ते तीन अहवाल प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यातील काही भाग त्या कागदांत नेमके काय लिहिले आहे यावर अवलंबून राहील.

सर्वप्रथम दाव्यापूर्वीची नोटीस तपासून घ्या, कारण नोटीस आणि समन्स हे दोन वेगळे कागद आहेत आणि पुष्कळ पक्षकार त्यांची गल्लत करतात. इंदूरला मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१, म्हणजे आमच्याकडचा घरभाड्याचा कायदा, लागू आहे. त्याच्या कलम १२ खाली थकबाकीच्या कारणावरून घर खाली करून मागायचे असेल, तर मागणीची नोटीस भाडेकरूला मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याने सगळी थकबाकी दिलेली नाही, हे दाखवावे लागते. संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची भाडेपट्टा संपवणारी वेगळी नोटीस अशा दाव्यांत आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७९ मध्येच स्पष्ट केले आहे. पण थकबाकीच्या मागणीची नोटीस आवश्यक आहे आणि ती पोहोचल्याचा पुरावाही आवश्यक आहे. योग्य पत्त्यावर, पूर्ण तिकीट लावून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र पोहोचले असे साधारण खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), १८९७ च्या कलम २७ प्रमाणे गृहीत धरले जाते आणि ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा घरमालकाच्या बाजूने जातो. तथापि हे गृहीतक भाडेकरूला पुराव्याने खोडता येते. म्हणून टपालाची पावती, परत आलेला लिफाफा आणि वितरणाचा अहवाल जपून ठेवा. लिफाफा फोडू नका, तो न्यायालयातच उघडला जाऊ द्या. नोटिशीतच दोष असेल, तर समन्स कितीही चोख बजावले तरी थकबाकीचे कारण लंगडेच राहते.

आता समन्साकडे वळू. तामील ही फक्त घरमालकाच्या गळ्यात अडकलेली औपचारिकता आहे, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः आमच्या कायद्यात तामिलीची तारीख घरमालकाच्याच उपयोगाची आहे. स्थान नियंत्रण अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे समन्स मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत, किंवा न्यायालय अर्जावरून वाढवून देईल तेवढ्या मुदतीत, भाडेकरूला सगळी थकबाकी न्यायालयात जमा करावी लागते अथवा घरमालकाला द्यावी लागते, आणि त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरत राहावे लागते. हे त्याने चुकवले, तर त्याचा बचाव रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ मधील कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देण्याची तीस दिवसांची, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून वाढवल्यास जास्तीत जास्त नव्वद दिवसांची, मुदतही तामिलीपासूनच मोजली जाते. म्हणजे जोवर तामील नाही, तोवर भाडेकरूवर कसलेच बंधन नाही. तो टाळाटाळ करतो ती याच कारणाने.

येथे दुसरी बाजूही सांगायला हवी. भाडेकरू हजर झाला आणि त्याने कलम १३ प्रमाणे सगळे पैसे वेळेवर भरले, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. हे संरक्षण त्याला मिळते खरे, पण एकदा मिळाल्यावर त्याने पुन्हा सलग तीन महिने भाडे चुकवले, तर ते परत मिळत नाही. काही घरमालकांना वाटते, की तो हजरच झाला नाही तर बरे. माझा अनुभव उलट आहे. हजर झालेला भाडेकरू एक तर पैसे भरतो आणि आईंना चौदा महिन्यांची थकबाकी मिळते, किंवा भरत नाही आणि त्याचा बचाव जातो. दोन्हींत आपले काही बुडत नाही.

आता ते तीन अहवाल पाहू. ‘घराला कुलूप’ हा शेरा फारसा कामाचा नाही. दुपारी बारा वाजता कामावर गेलेल्या माणसाच्या घराला कुलूप असणारच. त्यावरून तो समन्स टाळतो आहे असा निष्कर्ष निघत नाही. ‘बाहेरगावी’ हा शेरा त्याहून कच्चा आहे, कारण ते कोणी सांगितले, तो कोठे गेला आणि कधी परतणार, यातले काहीच त्यात नसेल, तर वाजवी काळात भाडेकरू घरी सापडण्याची शक्यता नव्हती हे ठरवायला न्यायालयाजवळ आधार राहत नाही.

तिसरा अहवाल मात्र मोलाचा आहे, आणि नेमका तोच आपल्याकडून दुर्लक्षित राहिलेला दिसतो. त्याच संहितेच्या आदेश ५ नियम १५ प्रमाणे प्रतिवादी (येथे भाडेकरू) घरी नसेल, वाजवी काळात सापडण्याची शक्यता नसेल आणि त्याचा अधिकृत प्रतिनिधीही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला समन्स देता येते. पूर्वी ही व्यक्ती पुरुषच असावी लागे. १९७६ च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली, स्त्री असो वा पुरुष, असा बदल झाला. नोकर मात्र कुटुंबात धरला जात नाही, म्हणून दुकानातील मुलाच्या किंवा मोलकरणीच्या हाती दिलेले समन्स चालत नाही. अशा कुटुंबीयाने सही करण्यास नकार दिला, तर नियम १७ सांगतो, की आदेशिका वाहकाने, म्हणजे समन्स घेऊन जाणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने, प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा सहज दिसेल अशा भागावर चिकटवावी आणि मूळ प्रतीवर ती कधी व कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी ओळखून दिले आणि कोणासमक्ष चिकटवली, हे नाव-पत्त्यासह लिहून न्यायालयाला परत करावे. आपल्या प्रकरणात पत्नीने नकार दिल्यावर प्रत न चिकटवताच समन्स परत आले. काम तेथेच पुरे होऊ शकले असते.

चिकटवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला भेद समजून घेणे, माझ्या मते, या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे. नियम १७ खालचा चस्पा हा नेहमीच्या तामिलीचाच भाग आहे. अहवाल आल्यावर नियम १९ प्रमाणे न्यायालय आदेशिका वाहकाचे शपथपत्र पाहते, शपथपत्र नसेल तर त्याची साक्ष घेते, आणि समाधान झाले तर ‘समन्स रीतसर बजावले गेले’ असे जाहीर करते. नियम २० खालची तामील ही पर्यायी तामील आहे. भाडेकरू जाणूनबुजून टाळतो आहे, किंवा अन्य कारणाने नेहमीच्या मार्गाने तामील होऊच शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्यावर ती मंजूर होते आणि तीतच वृत्तपत्रातील जाहिरात येते. ही जाहिरातही प्रतिवादी शेवटी जेथे राहत होता किंवा व्यवसाय करीत होता, त्या भागात खपणाऱ्या दैनिकातच द्यावी लागते. नियम २० म्हणतो, की अशी तामील प्रत्यक्ष तामिलीइतकीच परिणामकारक आहे, आणि वकील मंडळी तेवढेच वाक्य वाचून थांबतात. पुढचा कायदा उघडून पाहत नाहीत.

तो पुढचा कायदा म्हणजे मुदत अधिनियम, १९६३ मधील अनुच्छेद १२३. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज आदेश ९ नियम १३ खाली तीस दिवसांत करावा लागतो. हे तीस दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजले जातात. पण समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात, आणि अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की नियम २० खालची पर्यायी तामील या कामासाठी रीतसर तामील समजली जाणार नाही. याचा अर्थ असा, की जाहिरातीवर मिळवलेल्या निकालाविरुद्ध भाडेकरू दोन वर्षांनीही ‘मला काल कळले’ म्हणून येऊ शकतो. नियम १७ खाली चस्पा होऊन न्यायालयाने तो रीतसर ठरवला असेल, तर हा आडोसा त्याला सहज मिळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे काम माझ्याकडे होते. समन्स दोनदा परत आले. मी घाईने जाहिरातीचा अर्ज दिला, आठ महिन्यांत एकतर्फी निकाल मिळाला, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत ताबाही मिळाला आणि बाईंनी दोन खोल्यांना नवा रंग दिला. काही महिन्यांनी भाडेकरूचा अर्ज आला. समन्सांच्या काळात तो दुसऱ्या शहरात रुग्णालयात दाखल होता, त्याचे कागद जोडलेले होते आणि माझ्या दोन्ही अदम तामील अहवालांत तो कोठे गेला आहे याची चौकशी केल्याची एकही ओळ नव्हती. हुकूमनामा रद्द झाला आणि संहितेच्या कलम १४४ खाली ताबा परत देण्याचा आदेशही झाला. बाईंना रंगवलेल्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या हाती द्याव्या लागल्या. दोष माझ्या घाईचा होता आणि भोगावे त्यांना लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

चस्पासुद्धा कच्चा असेल तर टिकत नाही. २००२ मध्ये घरमालक-भाडेकरू यांच्यातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा बाजूला ठेवला. नकाराच्या आणि चस्पाच्या अहवालावर घर ओळखून देणाऱ्या साक्षीदाराचा उल्लेख नसणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. असे अहवाल मी अनेक पाहिले आहेत. एकात तर फक्त तळमजला असलेल्या बैठ्या घराच्या ‘दुसऱ्या मजल्याच्या दारावर’ प्रत चिकटवल्याचे लिहिले होते.

आता आपण स्वतः चिकटवण्याविषयी. आदेश ५ नियम ९-अ प्रमाणे वादी अर्ज करून समन्स स्वतः बजावण्यासाठी घेऊ शकतो, त्याला आम्ही दस्ती म्हणतो. पण दस्तीमध्ये न्यायाधीशांची सही व न्यायालयाची मोहोर असलेली प्रत प्रतिवादीला प्रत्यक्ष देणे किंवा देऊ करणे, एवढेच वादीला करता येते. त्याने नकार दिला, पोच सही केली नाही किंवा तो भेटलाच नाही, तर पुन्हा अर्ज करून न्यायालयामार्फतच समन्स काढावे लागते. दारावर चिकटवण्याचा अधिकार त्यातून आपल्याला मिळत नाही. आपला भाडेकरू आईंच्या समोर वावरतो आणि संबंध ताणलेले आहेत, तेव्हा आईंना किंवा शेजाऱ्यांना दस्तीच्या फंदात पाडू नये, असा माझा सल्ला आहे.

व्हॉट्सॲपवर आपण पाठवलेला फोटो तामील ठरत नाही. तरीही तो अगदीच निरुपयोगी म्हणता येणार नाही. आदेश ९ नियम १३ च्या दुसऱ्या परंतुकाप्रमाणे, प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळही होता असे न्यायालयाचे समाधान झाले, तर केवळ तामिलीतील अनियमिततेमुळे हुकूमनामा रद्द करता येत नाही. म्हणून प्रकरण क्रमांक, न्यायालय आणि पुढची तारीख लिहिलेला एक साधा, सभ्य संदेश पाठवायला हरकत नाही. त्यात धमकी, रागावणे किंवा भाड्याची उजळणी असू नये. तो संदेश उद्या न्यायाधीश वाचतील असे समजूनच लिहावा.

मी आपल्या जागी असतो तर पुढील पावले अशी टाकली असती. समन्स परत आल्याच्या अहवालापासून सात दिवसांत नव्या समन्साचा अर्ज करावा, कारण तो केला नाही तर आदेश ९ नियम ५ खाली दावा खारीज होऊ शकतो. तलवाना आणि वादपत्राच्या प्रती त्याच वेळी द्याव्यात, कारण वादपत्राच्या प्रतीशिवायचे समन्स अपुरे असते. अर्जात भाडेकरूचे घर, त्याच्या कामाचे ठिकाण आणि माहीत असल्यास मूळ गाव, असे सगळे पत्ते द्यावेत, आणि तो घरी सापडण्याची वेळ लिहावी: सकाळी सात ते नऊ, रात्री आठनंतर. जुन्या वस्त्यांत घरांचे जुने-नवे क्रमांक वेगवेगळे असतात, म्हणून खूण द्यावी: कोणत्या गल्लीत, कोणत्या मंदिरामागे, कोणत्या रंगाचे फाटक. याच अर्जात न्यायालयाकडून टपालानेही समन्स पाठवण्याची विनंती करावी. नियम ९ मध्ये स्पीड पोस्टचा उल्लेख आधीपासूनच आहे, आणि टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केल्यापासून टपालाचा आता तोच मार्ग उरला आहे. न्यायालयाने पाठवलेला लिफाफा ‘घेण्यास नकार’ या शेऱ्याने परत आला, तर समन्स रीतसर बजावले गेले असे न्यायालयाला जाहीर करावेच लागते.

आदेशिका वाहक जाईल त्या दिवशी घर दाखवायला आपल्या बाजूचे कोणी असावे, पण साक्षीदार म्हणून आई, आपला भाऊ किंवा वकिलांचा मुन्शी असू नये. दोन घरे पलीकडचे एखादे काका, समोरचा किराणा दुकानदार, अशी दाव्याशी संबंध नसलेली माणसे शोधावीत आणि त्यांची नावे, पत्ते व सह्या अहवालावर येतील हे पाहावे. चिकटवलेल्या प्रतीचा दाराच्या चौकटीसह, घरक्रमांक दिसेल असा फोटो काढावा. आदेशिका वाहकाला घाई असते, त्याच्याकडे दिवसाकाठी पुष्कळ समन्से असतात, त्याच्याशी आदराने बोलावे, आणि त्याला पैसे देऊन अहवाल ‘नीट’ लिहून घेण्याचा विचारही करू नये. तो अहवाल पुढे शपथेवर तपासला जातो.

घरात भाडेकरूखेरीज आणखी कोणाचा हक्क येतो का, हेही पाहा. मूळ भाडेकरू आपल्या वडिलांच्या काळातला असून वारला असेल, तर त्याचे वारस संयुक्त भाडेकरू ठरतात. त्यांतील एकाला दिलेली नोटीस पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटले आहे, परंतु दाव्यात त्या सगळ्यांना पक्षकार करून प्रत्येकाला समन्स पाठवणेच सुरक्षित.

आई विधवा आहेत, यालाही महत्त्व आहे. स्थान नियंत्रण अधिनियमात १९८३ मध्ये जोडलेल्या प्रकरण ३-अ प्रमाणे काही विशिष्ट घरमालकांना, ज्यांत विधवांचा समावेश आहे, स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वास्तविक गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेथे समन्साचा विशेष नमुना असतो आणि ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत भाडेकरूने शपथपत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर त्याला विरोध करता येत नाही. अर्थात तामिलीला तेथे आणखीच महत्त्व येते. हा मार्ग थकबाकीसाठी नाही. पण आपल्याला खरोखर परत येऊन तळमजल्यावर राहायचे असेल, किंवा आईंना जिने चढणे आता जमत नसेल, तर याविषयी वकिलांशी स्वतंत्रपणे बोला.

आणि एकतर्फी कामकाजाचा आदेश झाला, तरी त्या दिवशीच निकाल लागत नाही. आईंचे शपथपत्र, भाड्याच्या पावत्या किंवा बँकेतील नोंदी, नोटीस आणि तिच्या टपालाचे कागद हे सगळे तेव्हाही सिद्ध करावे लागते. तेव्हा पुढच्या तारखेपूर्वी तिसऱ्या अहवालाची नक्कल काढा, त्यावर पत्नीचे नाव, तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहिले आहेत का ते पाहा, आणि नियम १७ प्रमाणे चस्पाच्या स्पष्ट निर्देशासह नव्या समन्साचा अर्ज वकिलांकडून त्याच आठवड्यात दाखल करून घ्या.